जबलपूरची हवेली: न उपसलेल्या पाण्याची शेती

पाणी वर चढवायचे असेल तरच ताकद लागते. उतरताना ते आपल्या पायाने उतरते. तरीही विजेशिवाय बाग किंवा शेत आपोआप कसे भिजवावे, असे विचारले की उत्तरे चढवण्यापासूनच सुरू होतात. सौर पंप, पवनचक्की, पायाने मारायचा पंप, उंचावर ठेवलेली टाकी आणि तिला जोडलेली ठिबकची नळी. या प्रत्येकात पाणी आधी खाली आहे आणि पीक वर, हे गृहीत धरलेले असते. जबलपूर जिल्ह्यात नर्मदा आणि तिची उपनदी हिरन यांच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या जमिनीवर शेतकऱ्यांनी हे गृहीतच मानले नाही. आकाशातून पडलेले पाणी जिथे पडले तिथेच धरायचे, पावसाळाभर शेतात उभे ठेवायचे, आश्विनात सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू काढायचा, अशी ती रीत होती. तिला हवेली म्हणतात. पुण्याच्या हवेली तालुक्याप्रमाणे इथेही वाड्याचा संबंध नाही. मूळ अर्थ ठाण्याभोवतीचा मुलूख असा महसुली आहे आणि पुढे तो या शेतीलाच चिकटला. माझे म्हणणे असे की जबलपूरच्या पाण्याच्या इतिहासात सर्वांत मोठी आपोआप चालणारी सिंचनव्यवस्था हीच होती. ती मोडली याचे कारण ती मागासलेली होती हे नाही. तिला इंधन लागत नव्हते, पण शेजाऱ्यांचा एकमेकांशी मेळ लागत होता, आणि पंपाने नेमकी त्याचीच गरज संपवली.

आधी ती चालायची कशी ते पाहू. जबलपुरात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन खोल काळी, चिकण; स्थानिक भाषेत काबर. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले पाऊस त्या भेगांतून खोलवर जातात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचे पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. चारही बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेल्या शेतात हे पाणी जुलैपासून गुडघ्याच्या आगेमागे उभे राहते. तीन महिने ते हळूहळू खाली झिरपत मातीचा थर मीटरभर किंवा त्याहून खोल पूर्ण भिजवते. वाहून येणारा गाळ शेतातच बसतो. हवा न मिळाल्याने तण कुजते, आणि त्यात काँसही दबतो. काँस म्हणजे खोल मुळ्यांचे ते चिवट गवत, ज्याने बुंदेलखंड आणि सागरकडच्या काळ्या जमिनी गावेच्या गावे पडीक पाडल्या. नांगराला न जुमानणाऱ्या या गवताला उभे पाणी आवरत होते. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बांध एका जागी फोडून पाणी सोडायचे, वाफसा येताच पेरायचे. गहू, हरभरा, मसूर, वाटाणा. पुष्कळदा गहू आणि हरभरा मिसळून, ज्याला तिकडे बिर्रा म्हणतात. नंतर पिकाला पाणी द्यायचे नाही. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, झाला तर उत्तम, नाही झाला तरी पीक यायचे.

‘आपोआप’ हा शब्द इथे सैल वापरलेला नाही, हे आकड्यांनी दाखवता येते. खोल काळी माती मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी धरते. एका हेक्टरला हे वीस लाख लिटर झाले. हेच पाणी विहिरीतून मोटेने काढायचे आणि एका खेपेला दीडशे लिटर धरायचे, तर तेरा हजारांहून जास्त खेपा होतात. गव्हाला हंगामभर साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर पाणी लागते म्हणतात. म्हणजे गरजेचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा पेरणीच्या दिवशीच मुळांखाली जमा असे. उरलेल्याची तोंडमिळवणी मीटरच्या खालची ओल आणि मावठा करीत, आणि पाणी कमी पडले तर उतारा कमी पडे. इथे टाकी, नळी आणि तोटी ही तिन्ही कामे मातीच करीत होती. पाने तापली, मुळांनी ओढ घेतली, की तेवढे पाणी मातीने सोडले. ठिबकला जोडलेल्या आजच्या महागड्या आर्द्रतामापकाने जे साधायचे असते, ते याहून वेगळे नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्याख्येचा. हे सिंचन नव्हेच, ही तर जिरायत शेती. पावसावरच्या पिकाला सिंचित कसे म्हणायचे? सरकारी कागदांनीही तेच केले. ब्रिटिश काळापासूनच्या तक्त्यांत सिंचित क्षेत्र म्हणजे कालवा, तलाव, विहीर यांनी भिजणारे क्षेत्र. बांधातला गहू असिंचितांत. पण त्याच सरकारचे बंदोबस्त अधिकारी जमिनीची प्रतवारी करताना बांधाच्या जमिनीला वेगळी ओळखत, कारण तिला सारा जास्त बसतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. वसुलीसाठी बांध मोजायचा आणि सिंचनाच्या हिशेबात वगळायचा, हा दुटप्पीपणा पुढे फार महागात पडला. ज्याची नोंद सिंचन म्हणून नाही, त्याचे नुकसानही सिंचनाचे नुकसान म्हणून कुणी मांडत नाही. जुन्या इजिप्तच्या शेतीला मात्र जगाने ही वागणूक दिली नाही. नाईलच्या पुराचे पाणी बांध घातलेल्या मोठमोठ्या कुंडांत चाळीस-पन्नास दिवस धरायचे, मग नदीत परत सोडायचे आणि ओल्या गाळात गहू पेरायचा, ही हवेलीचीच सख्खी बहीण. तिला मात्र अभियंत्यांनी कुंड-सिंचन असे भारदस्त नाव देऊन ग्रंथ लिहिले. फरक एवढाच की तिथे पाणी नदी आणून देई आणि इथे ढग. जैसलमेरचे खडीन आणि दक्षिण बिहारचे आहर याच कुळातले. आपल्याकडे तलाव ओसरला की त्याच्या पोटात गाळपेर करतात, तिचे तत्त्वही हेच. हवेलीत शेत आणि तलाव एकाच जागी पाळीने नांदत होते, इतकेच.

जबलपूरच्या पाण्याविषयी कुणाला विचारले तर हवेलीचे नाव क्वचितच निघते. निघतात ती तलावांची. गढ्याच्या गोंड राजांनी, संग्रामशाहापासून राणी दुर्गावतीपर्यंत, शहराच्या परिसरात तलावांची माळ उभी केली. बाजना मठाजवळचा संग्रामसागर संग्रामशाहाचा. रानीताल दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, अधारताल तिचा दिवाण अधारसिंह याचा, अशी परंपरा आहे. अकबराच्या सरदाराशी, असफखानाशी लढताना जून १५६४ मध्ये राणी पडली. ती नसती तर या तलावांना एवढी नावे मिळाली असती का, कोण जाणे. अनुपम मिश्र यांच्या १९९३च्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवातही याच भागातल्या लोककथेने होते. चार भाऊ, परीस, आणि बुढागर, मझगवां, कुआँ आणि कुंडम इथले चार मोठे तलाव. कथा सुंदर आहे आणि तलाव खरे आहेत. पण राजा, दिवाण आणि परीस यांच्या गोष्टीत बेनाम शेतकऱ्याचा मातीचा बांध बसत नाही. तलावाला घाट असतो, देऊळ असते, बांधणाऱ्याचे नाव असते. हवेलीचा बांध दर ऑक्टोबरला फोडायचा आणि दर उन्हाळ्यात बुजवायचा, मग त्यावर शिलालेख कोण कोरणार? आज रानीताल हे नाव क्रीडासंकुलामुळे अधिक माहीत आहे आणि अधारताल ही शहराची भरगच्च वस्ती झाली आहे. तलाव बुजला तरी नाव मागे उरले. शेतातला बांध सपाट झाला की मागे काहीच उरत नाही.

मग भाजीच्या बागांचे काय? गहू ओलीवर येईल. वांगी, कोबी, पालक येणार नाहीत. हे खरे आहे, आणि हवेलीची मर्यादा सांगायची तर इथूनच. जबलपूर शहराला भाजी पुरवणाऱ्या काछी समाजाच्या बाड्या विहिरीवर चालत. मोट, रहाट आणि ढेकली ही त्यांची साधने. तिथे माणूस आणि बैल दिवसभर राबत. तरीसुद्धा पाण्याला वर न चढवता बाग करण्याची एक वाट त्याच जिल्ह्यात होती. पूर ओसरला की नर्मदेच्या वाळवंटात ढीमर आणि केवट समाजाचे लोक खड्डे करून, खत घालून, खरबूज, कलिंगड, काकडी लावत. वाळूखाली हातभर अंतरावर नदीचे पाणी. वेलाची मुळे ते स्वतःच शोधून काढत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरील ग्रंथात ढीमरांच्या शिंगाड्याच्या आणि वाळूतल्या खरबुजांच्या शेतीचा उल्लेख आहे. हे हिरालाल कटनीचे, म्हणजे तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातलेच. बाडी, वाळवंट आणि हवेली एकत्र पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. श्रम किती लागतील हे पीक कोणते यावर जेवढे ठरे, त्याहून जास्त पाणी कोठे साठले आहे यावर ठरे. मुळांखाली साठलेले पाणी फुकट, विहिरीच्या तळाशी साठलेले महाग.

फुकट म्हणताना सांभाळावे लागते, कारण दुसरा आक्षेप इथे उभा राहतो आणि तो पहिल्याहून वजनदार आहे. बांध काही उगवत नाहीत. माती खणायची, चढवायची, दर वर्षी दुरुस्त करायची. हे काम मजुरांच्या अंगावर होते आणि पैसा मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराचा. मध्य प्रांत १८६१ मध्ये बनला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि विदर्भाला परिचित असलेली मालगुजारीची व्यवस्था जबलपुरातही रुजली. त्याआधीचा मराठी अंमल, १७८१ पासून सागरकरांचा आणि १७९८ नंतर नागपूरकर भोसल्यांचा, वसुलीपुरताच राहिला आणि १८१७ च्या डिसेंबरात संपला. बांधांना खरे भांडवल मिळाले असावे ते रेल्वेनंतर. १८७० मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याहून आलेला लोहमार्ग जबलपुरातच जोडले गेले, आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता, आणि नर्मदा खोऱ्यातला गहू थेट मुंबई बंदराकडे निघाला. गव्हाला असा भाव आल्यावर बांधात पैसा घालणे परवडू लागले, हा माझा तर्क. जमीन सुधारण्यासाठी कर्ज देणारा कायदाही १८८३ चा. तेव्हा हवेलीला निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या निरागस ग्रामसमाजाची निर्मिती म्हणणे मला मान्य नाही. तिच्यामागे सावकारी होती, निर्यात होती आणि जमीनदाराचा शब्दही होता.

पण याच आक्षेपातून तिचे खरे यंत्र दिसते. उतारावर बांध एकाखाली एक असतात. वरच्याने पाणी सोडले की ते खालच्याच्या शेतातून जाते. वरच्याने आठ दिवस उशीर केला तर खालच्याची पेरणी आठ दिवस मागे पडते. वरच्याने घाई केली तर खालच्याचा बांध फुटतो. म्हणून सोडण्याचा दिवस आणि क्रम ठरलेला असावा लागतो. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फडपद्धतीतही पाणी उताराने आपोआप वाहते, आणि तरीही पाटकरी आणि हवालदार नेमावे लागतात, ते याचसाठी. विजेशिवाय आपोआप चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या व्यवस्थेत कुठेतरी हा माणसांचा भाग असतो. हवेलीत तो कुठे रिवाजाने पार पडे, कुठे मालगुजाराच्या हुकमाने. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पुढच्या वर्षी अंमल झाला. ते व्हायलाच हवे होते. मात्र हुकूम गेला त्या जागी दुसरे काही बसवावे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. वाटण्या होत गेल्या, एका बांधात चार नावे आली, आणि चौघांपैकी एकाला पाणी नको असले की बांध निकामी.

ती व्यवस्था निर्दोष होती असेही नाही. १८९३ पासूनच्या दोन हिवाळ्यांत अवेळी पावसाने गव्हावर तांबेरा आणला, बांधातली ओल तिथे काही करू शकली नाही. उलट ओलसर शेतात रोग फोफावतो. १८९६ मध्ये पावसाने लवकर पाठ फिरवली आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. जे पाणी पडलेच नाही ते बांध अडवणार कुठून? शिवाय खरीप पूर्ण सोडून द्यावा लागे. वर्षाला एकच पीक, आणि ज्याच्याकडे दोन एकरच आहेत त्याने पावसाळाभर खायचे काय, हा प्रश्न हवेलीचे गुण गाणारे सहसा विचारत नाहीत. ती मोठ्या शेताला मानवणारी पद्धत होती.

म्हणूनच सोयाबीन आले तेव्हा शेतकऱ्याने बांध फोडले याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. जबलपुरात १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ निघाले, आता ते जवाहरलाल नेहरूंच्या नावाने चालते; अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने त्याने साठ-सत्तरच्या दशकांत सोयाबीन मध्य प्रदेशात आणले. सोयाबीनला खरिपात शेत हवे आणि पायाशी पाणी नको. हवेलीला त्याच शेतात त्याच महिन्यांत पाणी हवे. दोन्ही एकत्र नांदणे शक्य नव्हते. खरिपात नगदी पीक मिळाले, रब्बीच्या गव्हाला पाणी देण्यासाठी विहिरीवर पंप बसला, आणि वरच्या-खालच्याशी बोलायचे कारण उरले नाही. पंपाने श्रम वाचवले असे आपण सरसकट म्हणतो. मोटेच्या बाडीत ते खरे आहे. हवेलीच्या गव्हात पाणी उपसण्याचे श्रम मुळात नव्हतेच. तिथे पंपाने वाचवली ती वाटाघाट, आणि तिच्या बदल्यात विजेचे बिल आले. कळ दाबणारा शेतकरी शेजाऱ्यापासून मोकळा झाला. ही मोकळीक किती मोठी वाटली असेल, हे गावकीत राहिलेल्याला सांगायला नको.

कालव्याच्या बाबतीत शेतकऱ्याला एवढीही निवड नव्हती. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात तवा धरणाचे पाणी सत्तरच्या दशकात तशाच खोल काळ्या जमिनीवर सोडले गेले. जी माती पावसाचे पाणी धरूनच गहू पिकवत होती, तिच्यावर आणखी पाणी ओतल्याने शेते चिबडली आणि १९७७ मध्ये तिथे मिट्टी बचाओ आंदोलन उभे राहिले. जबलपूरजवळ बरगीच्या धरणाचे काम १९७४ ला सुरू झाले आणि १९९० ला ते भरले. त्याच्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात हवेलीचा मुलूखही येतो. असिंचित म्हणून नोंदलेली जमीन सिंचित करायची, या कागदी विधानात आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. धरणे आखणाऱ्यालाही अशा जुन्या पद्धतीची किंमत कळू शकते, याला विल्यम विलकॉक्स या अभियंत्याचे उदाहरण बोलके आहे. जन्म हिंदुस्थानातला, शिक्षण रुरकीचे, इजिप्तमध्ये अस्वानच्या पहिल्या धरणाचा आराखडा त्याचा. म्हणजे नाईलची कुंड-शेती मागे सारणाऱ्यांतला तो अग्रणी. त्यानेच १९३० मध्ये कलकत्ता विद्यापीठात व्याख्याने देऊन बंगालच्या जुन्या पूर-सिंचनाची बाजू मांडली.

हवेली पुन्हा आणा, असे यावरून कुणी म्हणेल तर तेही मला पटत नाही. झाशीजवळच्या परासई-सिंध पाणलोटात २०११ नंतर कृषिवानिकी संस्था आणि इक्रिसॅट या संशोधन संस्थांनी जुन्या हवेलीचा बांध नव्याने उभा केला, त्यात पक्की भिंत आणि सांडवा घातला, आणि आसपासच्या विहिरींना पाणी वाढले. पण तिथे हवेलीचे काम बदलले आहे; ती आता भूजल भरते आणि पीक पंपावर येते. जबलपूरच्या विद्यापीठाने काळ्या जमिनीसाठी उंच आणि खोल वाफे शेजारीशेजारी काढण्याची पद्धत पुढे आणली, उंचावर सोयाबीन, खोलात भात. हवेलीने जे एका शेतात पाळीने केले, ते इथे जागा वाटून केले आहे. एकाच शेतकऱ्याच्या शेतात ते बसते, शेजाऱ्याला विचारावे लागत नाही. टिकण्याची शक्यता तेवढ्याने वाढते.

पाटण, मझौली, शहपुरा या भागात आज खरिपात भात दिसतो, कारण सरकारी खरेदीचा भाव आहे. ऑक्टोबरात पेरलेला हिरवा वाटाणा तर जबलपूरची ओळखच झाला आहे. हवेलीतून पाणी सोडल्यावर जे लवकर पेरता येत असे, त्यातले हे एक पीक टिकून राहिले आणि नगदी झाले. भातासाठी बांध परत आले आहेत, पण बुटके, प्रत्येकाचे आपापले. जुन्या हवेलीत ज्या आठवड्यांत पाणी सोडून द्यायचे, त्याच आठवड्यांत निसवत्या भाताला बोअरचे पाणी चढवावे लागते. आणि एप्रिल-मे मध्ये, पूर्वी ज्या दिवसांत शेत भेगाळत पडून असे आणि त्या भेगाच पहिल्या पावसाला आत घेत, तिथे उन्हाळी मूग उभा असतो, पंपावर.